मागं घेतलेलं नाव

चोरून ऐकायची सायराबानूला खोडच होती. बावड्याच्या एस्टीत तिचे कान मागच्या सीटवरच्या आजी-नातीकडं लागले.

"आजी, काही देशांत लोकांनी पुरेशा सह्या जमवल्या की सरकारला त्यांचा कायदा मतदानाला टाकावाच लागतो. आपल्याकडं तसं झालं तर नियम काय असावेत, ते आम्ही कॉलेजातल्या प्रकल्पासाठी ठरवतोय."

"सह्या खऱ्या हायत का, कोन बघतं?"

"अधिकारी तपासतात."

"समद्या?"

"थोड्या. पण सही करून पस्तावलं तर मागं घेता येईल. हा नियम माझा."

"त्योच आधी खोड."

"का गं?"

"दारूचं दुकान उठवायला आमी बायांनी अर्ज केला. म्या अंगठा उठवला. म्हैन्यानं सायेब म्हनला, अक्काबाई, तुमी तर नाव मागं घेतलंय."

"घेतलं होतंस?"

"न्हाय. पन कागदावर माझी झोकदार सही व्हती."