अक्कांच्या विहिरीचं पाणी

साक्रीकडच्या त्या अक्कांचं तुम्हाला सांगायचंच राहिलं. विहिरींच्या पाण्याचे नमुने घेत मी तिकडे फिरतो. अक्कांची मुलं सुरतेला, नवरा वारलेला. मळ्यात अक्का एकट्याच राहतात. त्यांच्या विहिरीचं पाणी तपासणीत दूषित निघालं.

मी समजावलं, "अक्का, खालच्या काळ्या खडकाला भेगा आहेत. गोठ्यांची घाण त्यांतून विहिरीत झिरपते. हे पिऊ नका, टँकरचं प्या."

अक्कांनी हातातला तांब्या ओतून टाकला. मग विचारलं, "मंग आते तू येशी का नही?"

"आता काय तपासायचं, अक्का? पाणी खराबच आहे."

त्यांनी रिकामा तांब्या विहिरीच्या कठड्यावर ठेवला. "पानी खराब शे ते ऱ्हाऊ दे, भाऊ. तू तपासाले येत जाय."

मी अजून जातो. बाटली भरायला मुद्दाम वेळ लावतो.