वरच्या मजल्यावरचे रब्बी

शब्बाथ, यहुद्यांचा आठवड्याचा पवित्र दिवस, तोंडावर आला आणि हिंडाच्या कोंबडीच्या रश्श्यात दुधाचा चमचा पडला. मांसात दूध मिसळलेलं यहुदी धर्माला चालत नाही, आणि घरात दुसरी कोंबडी नव्हती. आता हे खायचं की टाकायचं, ते विचारायला ती पातेलं कडेवर घेऊन धर्मशास्त्राचा निवाडा देणाऱ्या रब्बींच्या दाराशी रांगेत उभी राहिली. पुढे दोघी बोलत होत्या.

“या रब्बींना धर्मशास्त्राचं अख्खं तालमूद पाठ आहे म्हणे, झ्लाटा!”

“असेल बाई. मागच्या खेपेला माझं पातेलं बघताच म्हणाले, ‘फेकून दे.’”

“मग?”

“वरच्या मजल्यावरच्या रब्बींकडे गेले. त्यांनी आधी विचारलं, घरी खाणारी तोंडं किती? मग तासभर ग्रंथ उपसले नि म्हणाले, ‘खा.’”

“म्हणजे ढिलेच की!”

“अगं, ‘नाही’ म्हणायला माझा पोपटही पुरतो. ‘हो’ म्हणायला विद्या लागते.”

“मग आज इथे कशाला उभी?”

“आजचं पातेलं सासूबाईंचं आहे.”

हिंडा रांग सोडून जिना चढू लागली.