बाबांचा हंबकर

गिटारच्या तारा बदलून घ्यायला आलेली नर्स दुकानातल्या बाकावर बसली होती. काउंटरपाशी, दुरुस्तीवाल्यासमोर, एका बाप-लेकीची जुंपली होती. लेकीच्या गिटारमध्ये तारांखाली बसवलेला, त्यांचा आवाज टिपणारा हंबकर पिकअप बापानं स्वतः तार गुंडाळून बनवला होता. लेकीला आता नवा हवा होता.

“बाबा, आवाज गोणपाटात बांधल्यासारखा येतो.”

“त्याला ऊब म्हणतात. नव्या हंबकरला नुसती धार. कान कापून घ्यायचेत का?”

“मग भिंतीकडे तोंड करा. एक आपली गिटार, एक दुकानातली, नव्या हंबकरची. ओळखून दाखवा.”

“झोपेतसुद्धा ओळखीन.”

लेकीनं दुकानातली गिटार खुंटीवरून उतरवली, आधी ती वाजवली, मग आपली. नर्स बघतच होती.

“पहिला माझा! कसा भरदार! दुसरा म्हणजे पत्र्यावर खिळा. बरोबर ना?”

लेकीनं दुकानातली गिटार हळूच खुंटीला परत लावली.

“बरोबर, बाबा. तुमचाच.”

“मग? राहू दे तो. मी गाडी काढतो.”

बाबा मान ताठ करून बाहेर गेले. लेक दुरुस्तीवाल्याकडे वाकली.

“काका, आत नवाच बसवा. वरचं झाकण मात्र बाबांचं ठेवा. त्यांना कळता कामा नये.”

“तसंच ठरलंय.”

“कुणाशी?”

“तुम्ही मघाशी ती गिटार उतरवत होतात ना, तेव्हा बाबा हेच कानात सांगून गेले. म्हणाले, पोरीला काही कळू देऊ नका.”