गोगलगायीवर मोरचूद

फिशटँकमध्ये गोगलगाय चांगली की वाईट, हे मला विचारूच नका. आमच्या मेहुण्याला, सुनीलला विचारा. द्राक्षातला त्याच्याएवढा जाणकार अख्ख्या दिंडोरीत नाही, असं त्याचंच म्हणणं.

त्याने हौसेने फ्लॅटमध्ये टँक मांडला. पाण्यातल्या रोपांबरोबर दोन गोगलगायी आल्या आणि बघता बघता काचेवर त्यांची जत्रा भरली.

मी म्हटलं, "असू दे रे. शेवाळ आणि उरलंसुरलं खातात बिचाऱ्या. तू माशांना मूठमूठ खाणं टाकतोस म्हणून वाढल्यात. जरा हात आखडता घे, आपोआप कमी होतील."

"दाजी, तुम्ही बँकेतली माणसं. कीड कशी मारायची ते आम्हाला नका शिकवू."

आणि पठ्ठ्याने द्राक्षबागेवर फवारायचं मोरचूद आणून चांगलं चमचाभर टँकमध्ये ढवळलं!

दुसऱ्या दिवशी गेलो, तर पाणी निळंशार आणि सगळे मासे उलटे तरंगतायत. एक गोगलगाय तेवढी पाण्याबाहेर, काचेच्या कडेवर चढून बसलेली.

मी तोंड उघडायच्या आत सुनीलने तिच्याकडे बोट दाखवलं.

"बघा दाजी! सांगत होतो ना, ह्या असल्या की मासे जगत नाहीत?"