मोडनिंबच्या मारुतीचा लाल शेरा

चहा ओता, मग सांगतो. त्याचं नाव मारुतीच होतं ना, अशी मला अजून शंका येते; पण मारुतीच म्हणू. मोठ्या लढाईवरून परतलेला हा मोडनिंबचा गडी सोलापुरात आमच्या गिरणीच्या गेटावर नोकरी मागायला आला. मी तिथं एम.ए. झालेला हेडक्लार्क, म्हणून त्याचा पलटणीतला इंग्रजी दाखला मलाच वाचावा लागला. त्यावर लाल शाईचा शेरा होता : अवज्ञा.

"मग नको," मॅनेजरसाहेब म्हणाले.

मी भीतभीत म्हणालो, "साहेब, काय घडलं ते विचारू या का?"

मारुती म्हणाला, "पहाऱ्यावर हुतो. कर्नलसायेब परवलीचा शब्द इसरलं. मी आत सोडलं न्हाय."

साहेब एकदम खूश. "असाच माणूस पाहिजे मला! बिल्ल्याशिवाय कुणालाही आत सोडायचं नाही. कुणालाही!"

आठवड्यानं साहेब स्वतःच बिल्ला घरी विसरले. मारुतीनं काठी आडवी धरली.

"अरे, मी मॅनेजर आहे!"

"व्हय की. कर्नलसायेबबी आसंच म्हनलं हुतं."

भोंगा झाला, कामगार हसत आत गेले, आणि साहेब उन्हात उभे. घरून बिल्ला आला तेव्हा कुठे ते आत आले, आणि पहिलं काम केलं ते मारुतीला काढण्याचं. दाखल्यावर शेरा मारायला मला बोलावलं.

"लिहा, अवज्ञा."

"साहेब, ते वर लिहिलेलंच आहे," मी चाचरत म्हणालो.

साहेबांनी क्षणभर विचार केला.

"मग लिहा, वरीलप्रमाणे."