वस्तादांचा पंचा मालदीवला जातो

मंडळी, एकच विचारतो. जागा सोडायची वेळ झाली, हे त्या जागेवर बसलेल्यालाच सगळ्यात शेवटी का कळतं? नाही, नाही – अध्यक्षांकडे बघू नका! प्रसाद त्यांच्याकडून आहे.

ऐका. कोल्हापुरात चिंचबन तालीम. तालीम म्हणजे कुस्ती, असं पुण्याच्या पाहुण्यांना वाटतं. वाटू दे. तिथं फुटबॉल चालतो! आणि तालमीची एक रीत. सामन्याआधी पोरं ओळीनं बसायची, वस्ताद आनंदराव मागून फिरायचे. ज्याच्या खांद्यावर त्यांचा पंचा पडला, तो आज बाहेर. का म्हणून विचारायचं नाही!

एकदा पंचा पडला रणधीर इंगवलेच्या खांद्यावर. तालमीचा हुकमी स्ट्रायकर. वय तेहतीस.

"वस्ताद, मी? का?"

विचारलं! रीत मोडली! वस्ताद मैदानाकडं चालू लागले. रणधीर तो पंचा घेऊनच तडक घरी गेला आणि महिन्याभरात मालदीवला पोचला. लोक तिथं मधुचंद्राला जातात; हा रागानं गेला.

पण मंडळी, राग पायात उतरला की काय होतं! तिथल्या एका बेटावरच्या क्लबला त्यानं गोलांवर गोल मारून विजेतेपद मिळवून दिलं. क्लबवाले खूश. म्हणाले, "खेळा, आणि मॅनेजरही व्हा." झालं! आता संघ निवडणारा रणधीर, आणि निवडला जाणारा – कोण? रणधीर! अशी निवडणूक कुणी हरलंय का?

पंच्याची रीत त्यानं तिथंही लावली. सगळ्यांच्या खांद्यावर पंचा पडायचा, एक खांदा सोडून. गुडघा कुरकुरायला लागला. चेंडू पुढं जायचा, साहेब मागून यायचे. संघ घसरत घसरत तळाला. शेवटचा सामना – हरला तर क्लब खालच्या डिव्हिजनला आणि मॅनेजर परत कोल्हापूरला!

मध्यंतर. एक-शून्यनं मागं. सगळे माना खाली घालून बसलेले. रणधीर पंचा घेऊन मागून फिरतोय.

गोलकीपर कळवळून म्हणाला, "कोच, मला नको! दुसऱ्या गोलकीपरला ताप आहे!"

एक फेरी झाली. दुसरी झाली. पंचा पडेना. कोपऱ्यात शिफाज बसला होता – त्याच्याच जागेवरचा खेळाडू, दोन हंगाम नुसता बूट बांधणारा आणि सोडणारा. रणधीरनं त्याच्या पायांकडं बघितलं. मग स्वतःच्या गुडघ्याकडं. आणि मंडळी – पंचा त्यानं स्वतःच्या खांद्यावर टाकला!

कुणीही "का?" विचारलं नाही. त्यावरून काय ते समजा.

शिफाजनं गोल केला. सुंदर वगैरे नाही, नडगीला लागून गेला. पण गेला! बरोबरी! क्लब वाचला!

रणधीरनं मैदानातूनच फोन लावला. "वस्ताद, पंचा टाकला."

"कुणाच्या खांद्यावर?"

"माझ्याच."

"हं. जड झाला?"

"नाही हो वस्ताद. सुटलो! गुडघासुद्धा दुखायचा थांबला."

"आता पंचा परत पाठव. तेव्हापासून टॉवेलवर भागवतोय."

मंडळी, घरी जाल तेव्हा दुसऱ्याचे खांदे मोजू नका. कुणी कमिटीत आहे, कुणी टीव्हीच्या रिमोटवर, कुणी सुनेच्या स्वयंपाकघरात. आपला खांदा चाचपा. माझ्या खांद्यावर तर हे उपरणं पहिल्यापासूनच आहे.

म्हणून थांबतो.