सात घरचे कपडे

जमलेल्या थोरामोठ्यांनो, गुरुजींनो, मावश्या-काकूंनो,

पोटुशी बाईनं अशा शोकसभेला यायचं नसतं. दारातच दोघी-तिघींनी मला सांगितलं, घरी जा. तरी मी आलेय. बोलणं जमेल का, माहीत नाही. मध्येच थांबले तर सांभाळून घ्या.

गेला तो माझ्या थोरल्या बहिणीचा मुलगा. याच शाळेत पहिलीत होता. हजेरीत समर्थ, गावाला दगडू. दगडू का, ते तुम्हाला ठाऊक आहे. माझे दोन भाऊ असेच लहानपणी गेले. ताप यायचा, खोकला यायचा, आणि एक दिवस गेले. आपल्या माकणी गावात सगळे म्हणायचे, या घराला पोरगं लाभत न्हाय. म्हणून ताईला मुलगा झाला तेव्हा आईनं सगळं केलं. दगडू नाव ठेवलं. नाक टोचलं. पाच घरच्या पोरांचे जुने कपडे मागून आणले आणि तेच त्याला घातले. पोर आमचं नाही, मागून आणलंय, असं दाखवायचं. दाखवायचं कुणाला? जे पोरं नेतं त्याला.

पण ते बाहेर नव्हतंच हो. ते रक्तात होतं.

सोलापूरच्या डॉक्टरांनी आम्हाला समजावलं, पण तोवर लई उशीर झाला होता. जंतूंशी लढायची ताकद त्याच्या अंगात जन्मापासूनच नव्हती. आपल्या पोरांना सर्दी होते आणि जाते. याची छातीत उतरायची. कान वाहायचा, बरा व्हायचा, पुन्हा वाहायचा. दर दुखण्याला आई पुन्हा कपडे मागत पाच घरं फिरायची. कुठल्या घरचं पोर खोकत होतं, कुणाला खरूज होती, कोण विचारणार? तुम्ही मायेनं दिलंत. मी कुणाला बोल लावत नाही. वेळेत कळलं असतं तर उपचार होता. कायम घ्यावा लागतो, पण पोरं मोठी होतात.

अजून एक सांगितलं डॉक्टरांनी. हा आजार आईकडून मुलाला येतो. आई धडधाकट असते. लेकही धडधाकट दिसते. लेकीच्या मुलाला होतो. ताई, यात तुझी काही चूक नाही. आईचीही नाही.

पण मीही त्याच आईची लेक आहे.

परवा आईनं मला एक गाठोडं दाखवलं. आत जुने कपडे, घड्या घालून ठेवलेले. म्हणाली, "दगडूच परत येतोय बघ तुझ्या पोटी. या वेळी सात घरचे आणलेत."

मला भीती वाटली. आईचीच भीती वाटली. तिनं इतक्या प्रेमानं सांगितलं, म्हणून जास्त वाटली.

तर मंडळी, हात जोडून मागते. मुलगा झाला तर आधी त्याचं रक्त तपासू द्या. तोवर बघायला येऊ नका. कपडे देऊ नका, कुणी मागायला आलं तरी देऊ नका. आई, तू पुढंच बसलीयस. डॉक्टर सांगेपर्यंत ते गाठोडं उघडायचं नाही. एवढ्या लोकांसमोर हो म्हण.

आई?

नुसती मान हलव.

बरं, नको हलवूस. आता आपण दगडूसाठी दोन मिनिटं उभं राहू या. माझे पाय सुजलेत, मी बसूनच हात जोडते. आई अजून काही बोलत नाही. आपणही कुणी बोलू नये.